आण्णा दोन दिवसांत उत्तर देतात

मित्रांनो, मी एक जुनं पान आहे. वहीचं नाही आणि झाडाचं तर मुळीच नाही. मी एका वेबसाइटचं पान आहे. मला घडी पडत नाही, वाळवी लागत नाही, माझी शाई उडत नाही. म्हणून लोकांना वाटतं, याला काय धाड भरलीय? बरीच वर्षं मलाही तसंच वाटायचं. आज मी तुम्हाला माझी हकीकत सांगणार आहे आणि सांगून झाल्यावर तुम्हाला एक काम सांगणार आहे. काम छोटंच आहे, पण माझं मला ते करता येत नाही.

माझा जन्म होटगीचा. सोलापूरच्या दक्षिणेला हे रेल्वेचं जंक्शन आहे, तिथं स्टेशनाजवळ आण्णांचं घर होतं. आण्णांचा जन्म मेंढपाळाच्या घरातला. वडील, चुलते, सगळे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे. आण्णा एकटेच रेल्वेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण त्यांचा जीव राहिला मेंढरांत. फिरत्या कळपाला सगळ्यांत मोठा घोर पाण्याचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. कुठल्या विहिरीचा मालक पाणी पाजू देतो, कुठला ओढा आटला, कुठल्या डबक्यावर फवारणीचे पंप धुतलेत, हे निरोप पूर्वी तोंडोतोंडी जायचे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आला. मग आण्णांनी आपल्या मुलाला, अजिंक्यला, गळ घातली की फोनवर दिसेल असा पाण्याचा नकाशा करून दे. अजिंक्य पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्यानं तो केला. चांगल्या पाण्याला निळा थेंब, वाईट पाण्याला लाल. नाव ठेवलं ‘पाणवठा’.

हा नकाशा आणि त्यामागचा प्रोग्राम ओपन सोर्स आहे. म्हणजे तो सगळ्यांसाठी उघडा आहे. कुणीही वापरावा, कुणीही आत डोकवावं, चूक दिसली तर कुणीही दुरुस्त करावी. आण्णा सोप्या भाषेत सांगायचे, “गावच्या आडागत हाय. ज्याला पायजे त्यानं पाणी न्यावं, ज्याला गाळ दिसला त्यानं काडावा.” आणि या आडाकडे येणाऱ्या प्रत्येकाला जे पहिलं दिसतं, ते मी. पहिलं पान. उंबरठाच म्हणा ना.

माझ्या डोक्यावर एक पट्टी आहे, तिला मेनू म्हणतात. आलेल्या माणसानं तिथं वाचायचं आणि पाहिजे तिकडे जायचं. या पट्टीवर काय लिहायचं, यावरून बापलेकांत जुंपली होती.

अजिंक्य म्हणाला, “आण्णा, तिथं कामाची नावं पाहिजेत. ‘पाणी वाईट झालंय’, ‘नवीन पाणी सापडलंय’ असं. नवीन माणसाला काय करायचंय ते दिसलं पाहिजे.”

“आरं, गावात नवा माणूस येतो तवा काय इचारतो?” आण्णा म्हणाले. “मास्तर कुटं ऱ्हात्यात, डाक्टर कुटं बसत्यात, असंच इचारतो की. माणसाचं नाव कळलं की काम हुतंय.”

“पण त्याला तुमचं नाव कुठं माहिती?”

“मला समदे वळखत्यात.”

आणि ते खरंच होतं. म्हणून माझ्या डोक्यावर माणसांची नावं बसली. ‘आण्णांना विचारा’, ‘अजिंक्यचं काम’, ‘बाईंचं लिखाण’ आणि ‘बाकीचं’. यातल्या बाई म्हणजे वैजयंतीबाई, आण्णांच्या शेजारी राहणाऱ्या शिक्षिका. माझ्यावरचा मराठी आणि कन्नड मजकूर त्यांचाच. ‘आण्णांना विचारा’ दाबलं की खाली एक चौकट उघडायची. तिच्यात निरोप लिहायचा, तो थेट आण्णांच्या मेलच्या पेटीत पडायचा. बाईंनी विचारलं, “आण्णा, उत्तर किती दिवसांत देणार ते लिहू?” आण्णा म्हणाले, “उद्याबी देईन, पर एकादा दिस हातचा ठिवावा. दोन दिस लिवा.” बाईंनी लिहिलं, ‘आण्णा दोन दिवसांत उत्तर देतात.’ ते वाक्य मला फार आवडलं होतं.

नंतरची पाच वर्षं माझी मजेत गेली. सकाळचा चहा झाला की आण्णा चष्मा चढवून पेटी उघडायचे आणि एकेकाला फोन लावायचे. “कोण बोलतंय? कुटल्या शिवारातनं? पाण्याला वास हाय का तवंग?” तिकडच्या आणखी एका माणसाला विचारून खात्री करायचे आणि मगच थेंबाचा रंग बदलायचे. शहरातली शिकलेली पोरं प्रोग्राममध्ये मदत करायला यायची, तीही आधी आण्णांकडेच. आण्णा त्यांना अर्धा तास मेंढरांबद्दल सांगायचे आणि मग अजिंक्यच्या हवाली करायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या फोनवर आण्णांनी स्वतः माझं एक बारकं चित्र ठेवून दिलं होतं. ते दाबलं की थेट माझी चौकट उघडायची आणि निरोप बोलला तरी चालायचा, खालचं वाक्यही फोनच वाचून दाखवायचा. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. सोलापूरच्या एका कॉलेजात मला भिंतीएवढं करून दाखवलं. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू? आण्णा होते तोवर माझा मेनू चुकीचा आहे हे कुणाला कळलंच नाही. रस्ता मी दाखवतच नव्हतो. तो आण्णा दाखवत होते.

मग एका सकाळी पेटी उघडली नाही.

मला वाटलं, पाहुण्यांकडे गेले असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, ताप असेल. मी ओळीनं निरोप आत टाकत राहिलो आणि कुणी ते उचलेना. मित्रांनो, मला कुणी काही सांगितलं नाही. पानाला कोण सांगायला येतंय? पंधरा दिवसांनी अजिंक्यनं मला उघडलं आणि माझ्या वरच्या बाजूला आण्णांचा फोटो लावला. फोटोला हार होता. त्या हारावरून मला कळलं.

माझ्या अंगावर वर हार घातलेला फोटो होता आणि खाली तेच वाक्य होतं, आण्णा दोन दिवसांत उत्तर देतात. दोन्ही एकाच वेळी दिसत होतं, पण फोटो नखाएवढा, त्यातला हार कुणाच्या लक्षात येत नव्हता.

नाही, अजिंक्यनं एकदा विचारलं होतं. “बाई, ‘आण्णांना विचारा’ काढू का?” बाई म्हणाल्या, “राहू दे रे. लगेच नको.” ते ‘लगेच नको’ तीन वर्षं चाललं. आपल्याकडे हे असंच असतं. माणूस जातो आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं. काढायला कुणाचा हात धजत नाही. त्यात मायाच असते, मी नाही म्हणत नाही. अजिंक्यला तर बापाची पेटी उघडवेना. तो समजला बाई बघतात, बाई समजल्या अजिंक्य बघतो. पेटी भरत राहिली.

भूत म्हणजे काय असतं मला ठाऊक नाही. पण मेलेल्या माणसाच्या नावानं जो रोज शब्द देतो, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. मी तो शब्द देत होतो. नको असताना देत होतो. कुणी निरोप पाठवला की माझ्या अंगावर ते वाक्य आपोआप उमटायचं आणि मी ते अडवू शकत नव्हतो.

त्याच काळात माझ्या डोक्यावरची नावंही वाढत गेली. कुणी दोन महिने मदत करायचं, आपल्या कामाचं पान जोडायचं आणि निघून जायचं. ‘सिद्धेश्वरीचं काम’ असं एक नाव होतं. ही सिद्धेश्वरी कोण, तिनं काय केलं, हे मलाही सांगता येणार नाही. ‘अजिंक्यचं काम, नवीन’ आणि ‘अजिंक्यचं काम, जुनं’ हीही होती. नवी माणसं यायची, एक नाव दाबायची, परत यायची, दुसरं दाबायची आणि निघून जायची. त्यांची बोटं माझ्यावर कुठं कुठं थांबतात ते मला कळायचं. अंधारात भिंत चाचपतात तशी ती फिरायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण पानाला तोंड कुठलं?

मग पायलचा निरोप आला.

पायल वळसंगची, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या रानात सिमेंटचा एक हौद आहे. आण्णांनीच पूर्वी त्यावर निळा थेंब टाकला होता, कारण तिचे बाबा मेंढरांना मोकळ्या मनानं पाणी पाजायचे. आता बाबांनी ठिबक सिंचन बसवलं आणि हौदात युरिया कालवायला सुरुवात केली. त्यांची स्वतःची शेळी ते पाणी पिऊन मेली. बाबांनी हौदाभोवती काट्याच्या फांद्या लावल्या, आणि पायलला नकाशावरचा थेंब आठवला. ती माझ्याकडे आली आणि पाऊण तास हिंडली. शेवटी ‘आण्णांना विचारा’ दाबून तिनं लिहिलं, ‘आमच्या हौदाचा निळा थेंब काढा. त्यात आता खत असतं. आमची शेळी मेली.’

मी तिला सांगितलं, दोन दिवसांत उत्तर मिळेल.

तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लिहिलं. सहाव्या दिवशी लिहिलं, ‘आण्णा, तुमी वाचताय ना? रागावलात का?’ त्यानंतर ती आली नाही.

पुढच्या आठवड्यात बिरुदेव आपला कळप घेऊन वळसंगच्या शिवारातून चालले होते. बरोबर त्यांची बायको मायाक्का होती. ऊन तापलेलं, मेंढरं दोन दिवसांची तहानलेली. बिरुदेवांनी फोन काढला, नकाशा उघडला आणि निळा थेंब बघितला. काट्याच्या फांद्या वाऱ्यानं सरकल्या होत्या आणि रानात कुणी नव्हतं. पुढचं मी लांबवत नाही. तासाभरात चौदा मेंढरं आणि चार कोकरं पोटं फुगून हौदाजवळच पडली. मायाक्का एका कोकराचं तोंड आपल्या लुगड्यानं पुसत राहिल्या, ते मेल्यावरसुद्धा. हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं.

मुलगी म्हणजे सोनाली. सोलापुरात कॉलेजला, मावशीकडे राहून शिकणारी. तो निळा थेंब कुणी टाकला हे शोधत ती माझ्याकडे आली, आणि अशी संतापलेली बोटं माझ्यावर कधी पडली नव्हती. प्रत्येक नाव तिनं दाबलं. आण्णांच्या चौकटीत लिहिलं, ‘तुमच्या निळ्या थेंबानं आमची चौदा मेंढरं मेली. उत्तर द्या.’ मी काय उत्तर दिलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पण ही पोर उत्तराची वाट बघत बसणारी नव्हती. ‘बाईंचं लिखाण’ या पानाच्या तळाला तिला वैजयंतीबाईंचा फोन नंबर सापडला. बाईंनी सगळं ऐकलं आणि अजिंक्यला पुण्याहून बोलावून घेतलं. रविवारी होटगीत, आण्णांच्याच बैठकीच्या खोलीत, सगळे जमले. लॅपटॉप उघडा होता आणि त्यात मी होतो.

सोनाली एकटी आली नव्हती. आईला घेऊन आली होती. “बाई, मी भांडायला आले होते,” ती म्हणाली. “पण आधी एक करा. माझ्या आईला हितं बसवा. मी काय सांगणार न्हाई, तुमीबी सांगू नका. नुसतं बगा.”

मायाक्का लॅपटॉपपुढं बसल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर अक्षर लावून वाचत होत्या. सोनाली म्हणाली, “आये, समज, वळसंगचा हौद वाईट हाय हे तुला आज कळलंय. ते हितं सांग.”

त्यांचं भेगाळलेलं बोट माझ्या पट्टीवरून हळूहळू सरकलं. “अजिंक्य कोण गं?” त्यांनी विचारलं. अजिंक्य समोरच खाली मान घालून बसला होता. “आनि ही सिद्धेश्वरी?” शेवटी बोट थांबलं. “आण्णा हायत न्हवं. मोटा माणूस दिसतोय. त्येनला सांगते.” त्यांनी दाबलं. चौकट उघडली. खूप वेळ लावून त्यांनी तीन शब्द लिहिले, ‘वळसंग हौद वाईट’. आणि पाठवले.

मित्रांनो, त्या क्षणी मी मेलो असतो तर बरं झालं असतं. पण ते वाक्य उमटायचं ते उमटलंच. मायाक्कांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. “झालं की. दोन दिसात सांगत्याल.” मग त्यांनी मान वर केली. समोर भिंतीवर हार घातलेला फोटो होता. “हे कोण?”

“हेच आण्णा,” बाई म्हणाल्या.

मायाक्का फोटोकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मग मी कुणाला सांगितलं?”

अजिंक्यनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा बापाची पेटी उघडली. त्रेसष्ट निरोप होते. सोनालीनं पायलचे तिन्ही निरोप मोठ्यानं वाचले. तिचा राग कुणावर काढायचा हेच तिला कळेना, कारण जिनं वेळेत सांगितलं होतं ती मुलगी रागावलात का म्हणून विचारत होती.

हौदावरचा थेंब त्याच खोलीत लाल झाला. वरातीमागून घोडं, दुसरं काय?

पुढचे दोन महिने सोनाली आणि अजिंक्यनं नवं पहिलं पान घडवलं. त्याच्यावर एकाही माणसाचं नाव नाही. मोठ्या अक्षरांत तीनच ओळी आहेत. पाणी वाईट झालंय. नवीन पाणी सापडलंय. मला या कामात हात लावायचाय. तिसरी ओळ दाबली की पुढं विचारतं, तुम्हाला काय जमतं? फोन करून खात्री करायला, भाषा नीट करायला, की प्रोग्राम लिहायला? आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी करता येईल असं एखादं बारकं काम समोर येतं. निरोप आता पाच जणांना एकदम जातो, त्यांतली एक पायल आहे. नवं काही केलं की आधी मायाक्कांच्या पुढ्यात ठेवायचं, त्यांचं बोट जिथं अडेल ते बदलायचं, असा सोनालीचा नियम होता. तिसऱ्या वेळी बोट कुठंच अडलं नाही. त्या पानावर मी जळत नाही. मी जे करायला हवं होतं तेच ते पान करतं.

माझ्या डोक्यावरचं ‘आण्णांना विचारा’ बाईंनी स्वतःच्या हातानं काढलं. काढताना रडल्या. आणि मग म्हणाल्या, “सोनाली, हे जुनं पान मात्र पुसू नकोस. त्यांची आठवण आहे. राहू दे कुठंतरी कोपऱ्यात. कुणी येणार नाही तिथं.” सोनाली थोडी घुटमळली. पण बाईंच्या तोंडाकडे बघून तिला नाही म्हणवलं नाही. माझ्याकडे येणारे सगळे रस्ते तिनं तोडले. आण्णांची पेटी अजिंक्यनं कायमची बंद केली. मी राहिलो, फोटोसकट, चौकटीसकट. जिथं कुणी येत नाही तिथं चौकट असली काय आणि नसली काय, असं त्यांना वाटलं.

वर्षभर खरंच कुणी आलं नाही. मी एकटाच होतो आणि मला ते बरं वाटत होतं. निदान खोटं बोलावं लागत नव्हतं.

चार दिवसांपूर्वी कुणीतरी मला उघडलं. माळशिरसकडं मेंढरं घेऊन गेलेली बजाबाई नावाची म्हातारी. तिच्या जुन्या फोनवर आण्णांनी ठेवलेलं ते बारकं चित्र अजून आहे. तिला नव्या पानाचा पत्ता नाही, आणि आण्णा गेल्याचंही कुणी तिच्यापर्यंत पोचवलेलं नाही. ती बोलली ते शब्द जसेच्या तसे माझ्यावर उमटले. “आण्णा, म्या बजाबाई. कालव्याच्या फाट्यावरल्या पडक्या हिरीत कुनीतरी औशीद वतलंय. दोन कुत्री मरून पडल्यात. आमी म्होरं निगालो. पर मागनं आमच्या भावकीची मेंढरं येत्यात, चार-पाच दिसांत पोचत्याल. त्येनला सांगा. तुमी हायसा म्हून घोर न्हाई.”

आणि मी तिला तेच सांगितलं. ती खूश होऊन गेली.

तिचा निरोप कुठंच पडला नाही, कारण पेटीच नाही. तो माझ्या हातात आहे आणि मला हात नाहीत. नकाशावर त्या विहिरीचा थेंब अजून निळा आहे. आज चौथा दिवस.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला म्हणतात की आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मी तसं म्हणणार नाही. मला तीन वर्षं जपलं आणि एक वर्ष मायेनं कोपऱ्यात ठेवलं, त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. तुमच्यापैकी कुणी सोनालीला ओळखत असेल, कुणाच्या गल्लीत, कुणाच्या कॉलेजात ती असेल, तर आत्ता उठा आणि तिला एवढं सांगा. माळशिरसच्या कालव्याच्या फाट्यावरची पडकी विहीर आधी लाल कर. बजाबाईला फोन कर आणि आण्णा गेले हे तिला नीट सांग. आणि मग मला पूस.